बालवयातील स्कोलिओसिसचं कोडिंग: चार्टच्या पहिल्या पानापासून क्लेमपर्यंत

चार्टमध्ये डॉक्टरांची एकच ओळ असते: ‘स्कोलिओसिस. ब्रेस सुरू करायचा. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे.’ नवा कोडर, म्हणजे रुग्णाच्या नोंदींवरून विम्याच्या क्लेमसाठी कोड लावणारा, स्कोलिओसिस (कण्याचा बाजूला गेलेला बाक) टाइप करतो, एम४१.९ समोर येतो, तो लावतो आणि पुढचा चार्ट उघडतो. सिस्टीम अडवत नाही, कारण कोड वैध आहे. पण एम४१.९ चा अर्थ ‘स्कोलिओसिस आहे, कुठला ते सांगितलेलं नाही’ एवढाच होतो. वाढत्या वयातल्या मुलाच्या कण्याबद्दल इतकं मोघम बोलून भागत नाही.

मला हे एका परत आलेल्या चार्टने शिकवलं. मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या बाल-अस्थिरोग विभागांचे चार्ट कोड करते, आणि तेव्हा या कामात नवी होते. बारा वर्षांची मुलगी, २८ अंशांचा बाक, ब्रेससाठी (बाक रोखायला धडावर घालायच्या आधारासाठी) विमा कंपनीकडे आगाऊ मंजुरी मागितलेली. मी एम४१.९ लावला. मंजुरी नाकारली गेली, अपील झालं, कागद इकडून तिकडे फिरले, आणि ब्रेस मिळेपर्यंत पुढच्या एक्स-रेची तारीख उजाडली. त्यात कोन ३६ अंश होता. तो माझ्या कोडमुळे वाढला असं म्हणता येणार नाही. ब्रेस वेळेवर मिळूनही काही बाक वाढतातच. पण मुलीची उंची कागदांसाठी थांबलेली नव्हती, हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसलं. नकाराच्या पत्रात कारण होतं: स्कोलिओसिसचा प्रकार आणि उरलेली वाढ स्पष्ट नाही. दोन्ही गोष्टी त्याच चार्टमध्ये होत्या, सात पानं मागे.

हा लेख पुणे, नवी मुंबई, नागपूर किंवा आणखी कुठे बसून अमेरिकी चार्ट कोड करणाऱ्या आणि या विषयात नव्याने आलेल्या मंडळींसाठी आहे. सगळे कोड अमेरिकेत वापरात असलेल्या आयसीडी-१०-सीएम (निदान), सीपीटी (डॉक्टरांचं काम), आयसीडी-१०-पीसीएस (हॉस्पिटलच्या बाजूने शस्त्रक्रिया) आणि एचसीपीसीएस (ब्रेससारखी साधनं) या पद्धतींतले आहेत. आयसीडीचे बदल दर वर्षी १ ऑक्टोबरपासून आणि सीपीटीचे १ जानेवारीपासून लागू होतात. त्यामुळे इथला कोणताही कोड वापरताना चालू वर्षाच्या यादीत एकदा तपासून घ्या.

आधी चार्ट, मग कोड

कोडबुक उघडण्याआधी चार्टमधून काही गोष्टी शोधून बाजूला लिहून काढायच्या. बाक पहिल्यांदा कोणत्या वयात लक्षात आला? कारण काय लिहिलं आहे? कण्याचा कुठला भाग? कॉब कोन, म्हणजे बाकाचा कोन, किती आणि कोणत्या तारखेच्या एक्स-रेवर मोजलेला? वाढ किती उरली आहे, म्हणजे रिसर (कमरेच्या हाडावरून) किंवा सँडर्स (हाताच्या हाडांवरून) टप्पा कोणता? आणि आज डॉक्टरांनी काय ठरवलं: नुसतं लक्ष ठेवायचं, ब्रेस द्यायचा की शस्त्रक्रिया?

यातल्या पहिल्या तीन उत्तरांवर निदानाचा कोड ठरतो. कोन आणि वाढ यांना आयसीडीत जागाच नाही. बाक उजवीकडे आहे की डावीकडे, यालाही नाही. १२ अंशांचा बाक आणि ७० अंशांचा बाक दोघांचा कोड एकच असू शकतो. म्हणूनच हे आकडे नोटमध्ये असलेच पाहिजेत, कारण उपचाराची गरज कोडवरून सिद्ध होत नाही, ती या आकड्यांवरून होते.

कॉब कोनाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवीन मंडळी तो रिपोर्टमधून जसाच्या तसा उचलतात. १० अंश किंवा त्याहून जास्त बाक असेल आणि मणके स्वतःभोवती वळलेले असतील तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्यात साधारण ५ अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे मागच्या वेळी २३ आणि या वेळी २६ दिसले म्हणून बाक वाढलाच, असं डॉक्टरही लगेच म्हणत नाहीत. रिपोर्टमध्ये ८ अंश आणि नोटमध्ये ‘स्कोलिओसिस’ असं आढळलं, तर निदानाचा कोड डॉक्टरांच्या विधानावर ठरतो, तो आपण बदलायचा नाही. पण विसंगती दिसते आहे, असं त्यांना विचारायचं जरूर.

कारण कोणतं

सगळ्यात मोठी चूक होते ती ‘इन्फंटाइल’ आणि ‘जन्मजात’ या दोन शब्दांत. दोन्ही ऐकायला तान्ह्या बाळाचे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. जन्मजात स्कोलिओसिसमध्ये मणकाच गर्भात नीट घडलेला नसतो: अर्धाच मणका तयार होतो किंवा दोन मणके एका बाजूला जोडलेले राहतात. याचा कोड एम मालिकेत नाही, तो क्यू७६.३ आहे. हा बाक नवव्या वर्षी सापडला तरी कोड क्यू७६.३ च राहतो, कारण मणका जन्मापासूनच तसा आहे. उलट इन्फंटाइल इडिओपॅथिकमध्ये मणके नीट घडलेले असतात, बाक मात्र तीन वर्षांच्या आत दिसतो आणि कारण सापडत नाही. त्याला एम४१.० मालिका. हाडात दोष नसून जन्मतः फक्त ठेवणीचा बाक असेल तर क्यू६७.५. अर्धा मणका आहे पण बाक नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं तर क्यू७६.४९ कडे बघा.

जन्मजात म्हटल्यावर मी चार्टमध्ये आणखी दोन गोष्टी शोधते: किडनीची सोनोग्राफी आणि हृदयाची इकोकार्डिओग्राफी. मणके, मूत्रपिंड आणि हृदय गर्भात साधारण एकाच सुमारास घडतात, त्यामुळे अशा मुलांत या तपासण्या बहुधा केल्या जातात. दोष सापडला असेल तर त्याचा स्वतंत्र कोड लागतो, आणि तो राहून गेला की पुढे प्रत्येक तपासणी कशासाठी केली याचं उत्तर हरवतं.

सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार, पोलिओ, फ्रीडरिक अटॅक्सिया अशा कारणांनी झालेला बाक म्हणजे न्यूरोमस्क्युलर स्कोलिओसिस, एम४१.४ मालिका. या कोडखाली मूळ आजाराचाही कोड द्या अशी सूचनाच आहे: डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असेल तर जी७१.०१, स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिक सेरेब्रल पाल्सी असेल तर जी८०.०. पहिला कोणता आणि दुसरा कोणता, हे त्या दिवशीच्या भेटीचं कारण ठरवतं. मात्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला बाक आहे म्हणून तो न्यूरोमस्क्युलर असणारच, असं गृहीत धरायचं नाही. हा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला हवा. न्यूरोफायब्रोमॅटोसिस किंवा मार्फान सिंड्रोममुळे झालेला बाक एम४१.५ मध्ये जातो, सोबत मूळ आजाराचा कोड: न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारासाठी क्यू८५.०१. रेडिएशननंतर आलेला बाक एम९६.५. तो क्वचितच भेटतो, पण लहानपणी कॅन्सरचे उपचार झालेल्या मुलांच्या चार्टमध्ये त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

यातलं काहीच नसेल आणि डॉक्टरांनी ‘इडिओपॅथिक’ लिहिलं असेल, तर मुद्दा वयावर येतो.

आजचं वय नाही, सापडलं तेव्हाचं वय

वैद्यकीय वर्गीकरणात तीन वर्षांपर्यंत इन्फंटाइल, चार ते नऊ जुव्हेनाइल आणि दहापासून हाडांची वाढ संपेपर्यंत अडोलसंट, अशी ढोबळ विभागणी आहे. हे वय बाक सापडला त्या वेळचं. आज १३ वर्षांची असलेली आणि ७ व्या वर्षी निदान झालेली मुलगी जुव्हेनाइल इडिओपॅथिकच राहते. माझ्या त्या परत आलेल्या चार्टमध्ये नेमकं हेच होतं. आजच्या नोटमध्ये वय १२, पण जुन्या नोटमध्ये ‘पहिल्यांदा लक्षात आलं इयत्ता दुसरीत’. सापडण्याचं वय जितकं कमी तितकी पुढची वाढ जास्त, आणि बाकाला वाढायला वेळही जास्त. विमा कंपनीच्या डॉक्टरला हा फरक कळतो.

पण इथे आपली हद्द ओळखायची. जन्मतारखेवरून हिशेब करून आपणच ‘जुव्हेनाइल’ ठरवायचं नाही. डॉक्टरांनी प्रकार लिहिला नसेल तर क्वेरी, म्हणजे त्यांना लेखी प्रश्न, टाकायची. ‘अर्ली ऑनसेट स्कोलिओसिस’ हा शब्दही असाच. त्याचा अर्थ दहा वर्षांच्या आत सापडलेला कोणताही बाक. तो जन्मजात असू शकतो, न्यूरोमस्क्युलर असू शकतो, इडिओपॅथिकही असू शकतो. नुसत्या या शब्दावरून नेमका कोड लागत नाही.

भाग कोणता

शेवटचा अंक कण्याचा भाग सांगतो. सर्व्हायकल (मान) २, सर्व्हायकोथोरॅसिक ३, थोरॅसिक (छाती) ४, थोरॅकोलंबर ५, लंबर (कंबर) ६, लंबोसॅक्रल ७. म्हणजे अडोलसंट इडिओपॅथिक थोरॅसिक एम४१.१२४, त्याच भागातला जुव्हेनाइल एम४१.११४ आणि इन्फंटाइल एम४१.०४. एम४१.१२४ आणि एम४१.११४ मध्ये फरक एका अंकाचा आहे. घाईत डोळा फसतो, म्हणून मी हा कोड मनातल्या मनात अंक-अंक करून वाचते. भाग सांगितलेला नसेल तेव्हाचा अंकही सारखा नाही: इन्फंटाइलला ० लागतो आणि एम४१.०० होतो, तर जुव्हेनाइल आणि अडोलसंटला ९ लागून एम४१.११९ आणि एम४१.१२९ होतात.

थोरॅकोलंबर म्हणजे ‘थोरॅसिकही आणि लंबरही’ असा अर्थ अनेकजण काढतात. तो बरोबर नाही. बाकाचं शिखर, म्हणजे मधल्या रेषेपासून सगळ्यात लांब गेलेला मणका, टी१२ ते एल१ च्या (टी म्हणजे थोरॅसिक, एल म्हणजे लंबर मणके) आसपास असेल तर बाक थोरॅकोलंबर. छातीच्या भागात उजवीकडे एक आणि कमरेत डावीकडे दुसरा असे दोन बाक डॉक्टरांनी वेगवेगळे नोंदले असतील, तर ते दोन भाग आहेत. तिथे मी एम४१.१२४ आणि एम४१.१२६ असे दोन्ही लावते. एम४१.१२५ लावणं म्हणजे तिथे नसलेला तिसराच बाक सांगणं.

निदान पक्कं नसताना

शाळेतल्या नर्सने किंवा बालरोगतज्ज्ञाने मुलाला पुढे वाकायला सांगितलं, एका बाजूच्या बरगड्या वर आल्यासारख्या दिसल्या, स्कोलिओमीटरवर ७ अंश आले आणि एक्स-रेसाठी पाठवलं. हे ७ अंश धडाच्या वळणाचे आहेत, कॉब कोनाचे नाहीत. नोटमध्ये ‘स्कोलिओसिसची शंका’ असेल तर बाह्यरुग्ण विभागात एम४१ चा कुठलाही कोड लागत नाही. शंका, शक्यता, नाकारण्यासाठी तपासणी, हे शब्द असतील तिथे जे दिसलं तेच कोड करायचं, उदाहरणार्थ डॉक्टरांनी शरीराची ठेवण असामान्य असल्याचं लिहिलं असेल तर आर२९.३. फक्त चाळणी तपासणीसाठी (स्क्रीनिंग) भेट झाली असेल तर झेड१३.८२८. वार्षिक तपासणीत हे सापडलं असेल तर झेड००.१२१ आणि सोबत सापडलेली गोष्ट.

चाळणी तपासणीबद्दल अमेरिकेतच एकमत नाही. २०१८ साली तिथल्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यगटाने १० ते १८ वयोगटातल्या चाळणीबद्दल पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. अस्थिरोग आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटना मात्र मुलींची १० व्या आणि १२ व्या वर्षी आणि मुलांची १३ किंवा १४ व्या वर्षी एकदा तपासणी व्हावी या मताच्या आहेत. त्यामुळे काही राज्यांतून अशा भेटी भरपूर येतात आणि काहींतून फारशा येत नाहीत.

क्वेरी कशी लिहायची

डॉक्टरांना प्रश्न विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात कोंबायचं नाही. ‘हा अडोलसंट इडिओपॅथिक आहे ना?’ ही क्वेरी ऑडिटमध्ये टिकत नाही. मी साधारण अशी लिहिते:

‘आजच्या नोटमध्ये निदान स्कोलिओसिस असं आहे. अमुक तारखेच्या नोटमध्ये बाक सातव्या वर्षी लक्षात आल्याची नोंद आहे. अमुक तारखेच्या एक्स-रे रिपोर्टमध्ये थोरॅसिक भागात २८ अंश आणि मणक्यांच्या घडणीत दोष नाही, असं आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार स्कोलिओसिसचा प्रकार आणि भाग नोंदवावा: इन्फंटाइल इडिओपॅथिक, जुव्हेनाइल इडिओपॅथिक, अडोलसंट इडिओपॅथिक, जन्मजात, न्यूरोमस्क्युलर, अन्य, किंवा सांगता येत नाही.’

पुरावा तारखेसकट द्यायचा, पर्याय खुले ठेवायचे, पैशाचा किंवा मंजुरीचा उल्लेख अजिबात करायचा नाही. अशा क्वेरीला उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे, कारण डॉक्टरांना चार्ट पुन्हा चाळावा लागत नाही.

एक्स-रे आणि भेट

संपूर्ण कण्याच्या एक्स-रेचे कोड किती बाजूंनी फोटो घेतले यावर ठरतात: एक असेल तर ७२०८१, दोन किंवा तीन ७२०८२, चार किंवा पाच ७२०८३, सहा किंवा जास्त ७२०८४. नेहमीची समोरून-बाजूने जोडी म्हणजे ७२०८२. शस्त्रक्रियेआधी उजवीकडे आणि डावीकडे वाकवून आणखी दोन घेतले की एकूण चार, म्हणजे ७२०८३. किती बाजू घेतल्या हे ऑर्डरमधून मोजू नका, रिपोर्टमधून मोजा. हाडांचं वय बघायला हाताचा एक्स-रे काढला असेल तर ७७०७२ वेगळा लागतो, पण त्याचा रिपोर्टही वेगळा लिहिलेला हवा.

भेटीची पातळी ठरवताना एक खाच आहे. सर्जनने एक्स-रे स्वतः बघून कोन मोजला, तर ते स्वतंत्र वाचन म्हणून गुंतागुंतीत धरता येतं. पण त्याच वाचनाचं बिल त्यानेच लावलं असेल तर धरता येत नाही. एकाच कामाचे दोनदा पैसे होतात.

ब्रेस

ब्रेसच्या मंजुरीत कोडपेक्षा नोट जास्त बोलते. साधारणपणे २५ ते ४० अंशांचा बाक आणि रिसर ० ते २, म्हणजे वाढ बरीच उरलेली, अशा मुलांना ब्रेस दिला जातो. नोटमध्ये कोन, त्याची तारीख, रिसर किंवा सँडर्स, मुलीची पाळी सुरू झाली की नाही आणि केव्हा, किती तास घालायचा आहे, हे सगळं एकाच ठिकाणी असेल तर मंजुरी बहुतेक वेळा अडत नाही. मिलवॉकी प्रकाराला एल१०००, धडापुरत्या स्कोलिओसिस ब्रेसला एल१२००, आणि मुलाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेल्या जॅकेटसाठी एल१३००. कोणता लागू होतो हे ऑर्थोटिस्टच्या कागदावरून ठरवायचं, सर्जनने नुसतं ‘ब्रेस’ लिहिल्यावरून नाही.

तासांची नोंद का हवी, याला भक्कम आधार आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांपर्यंत पोहोचण्याआधीच वाढ पूर्ण झाली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ज्यांनी दिवसाला सरासरी १२.९ तासांहून जास्त ब्रेस घातला त्यांच्यात ते ९० टक्क्यांच्या वर गेलं. ब्रेसमध्ये तापमान मोजणारी चकती असेल तर तिच्यातले तास नोटमध्ये यायला हवेत. दुसरा ब्रेस मागताना ‘पहिला नियमित वापरला का’ हा प्रश्न येतोच.

शस्त्रक्रिया: हाडं मोजायची की सांधे

४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. ऑप नोट हातात आली की ऑपरेशनचं नाव न वाचता मी आधी मणके मोजते. खरोखर बोटांवर मोजते.

समजा पाठीमागून टी२ ते एल२ फ्यूजन केलं आहे, म्हणजे हे मणके एकमेकांना जोडले आहेत. टी२ पासून टी१२ पर्यंत ११ मणके, त्यात एल१ आणि एल२ धरून १३. सीपीटीत मणके मोजायचे असतात. सहापर्यंत २२८००, सात ते बारा २२८०२, तेरा किंवा जास्त २२८०४. म्हणजे इथे २२८०४. स्क्रू आणि रॉडचं स्वतंत्र मोजमाप: तीन ते सहा २२८४२, सात ते बारा २२८४३, तेरा किंवा जास्त २२८४४. पहिल्यापासून शेवटच्या मणक्यापर्यंत सगळ्यांत स्क्रू असतील तर २२८४४. आता कोणी मणक्यांऐवजी मधल्या फटी मोजल्या तर उत्तर १२ येतं आणि दोन्ही कोड एक पायरी खाली घसरतात. ऑडिटमध्ये ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नव्या मुलांना पहिल्याच दिवशी कागदावर मणके काढून मोजायला लावते.

हॉस्पिटलच्या बाजूने आयसीडी-१०-पीसीएस मध्ये गणित नेमकं उलटं आहे. तिथे सांधे मोजायचे. टी२-टी३ पासून टी११-टी१२ पर्यंत थोरॅसिकचे १० सांधे, म्हणून ‘आठ किंवा जास्त’ चा ०आरजी८. टी१२-एल१ हा थोरॅकोलंबर सांधा, ०आरजीए. एल१-एल२ लंबर, ०एसजी०. मुलाचंच हाड वापरून, उघड्या शस्त्रक्रियेने, मागून मागचा स्तंभ जोडला असेल तर तिघांची शेपटी ०७१ अशी होते: ०आरजी८०७१, ०आरजीए०७१, ०एसजी००७१. रॉड आणि स्क्रू इथे फ्यूजनमध्येच धरलेले असतात, त्यांचा वेगळा कोड नाही. एकच ऑपरेशन, सर्जनच्या बिलासाठी १३ हाडं आणि हॉस्पिटलच्या बिलासाठी १२ सांधे. दोन्ही बरोबर.

ऑस्टिओटॉमीकडे, म्हणजे हाड कापण्याकडे, ऑडिटरचं लक्ष हमखास जातं. पाठीचा ताठ बाक मोकळा करायला सर्जन ‘पोंटे’ प्रकारची ऑस्टिओटॉमी करतात. थोरॅसिकमध्ये पहिल्याला २२२१२ आणि पुढच्या प्रत्येकाला २२२१६. पण फ्यूजनसाठी सांध्याचा पृष्ठभाग खरवडणं म्हणजे पोंटे नाही. दोन्ही बाजूंचे फॅसेट सांधे आणि पिवळा अस्थिबंध काढल्याचं, कोणत्या पातळ्यांवर काढल्याचं नोटमध्ये हवं. ‘अनेक पातळ्यांवर पोंटे’ एवढंच लिहिलं असेल तर क्वेरी टाका. त्याच जखमेतून घेतलेल्या हाडाला २०९३६, हाडांच्या बँकेतल्या चुरा हाडाला २०९३०. दोन सर्जन असतील तर फ्यूजनला ६२ मॉडिफायर (कोडला जोडायचा पुरवणी अंक) चालू शकतो, रॉड-स्क्रूच्या कोडना नाही. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जातंतूंवर ठेवलेल्या देखरेखीचं बिल सर्जनला लावता येत नाही.

वाढ न थांबवता बाक रोखण्यासाठी थोरॅसिक मणक्यांना पुढून दोरीने बांधण्याची पद्धत आता सीपीटीत नियमित यादीत आहे. २०२४ पासून सात मणक्यांपर्यंत २२८३६, आठ किंवा जास्तला २२८३७, आणि दुरुस्ती, बदल किंवा काढून टाकण्यासाठी २२८३८. यात फ्यूजन होत नाही, म्हणून वरची फ्यूजनची मालिका इथे आणायची नाही.

भरती असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरतं. रक्त दिलं जातं. तरी ‘तीव्र रक्तस्रावामुळे ॲनिमिया’ हे शब्द डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय डी६२ लागत नाही. लॅबचा आकडा म्हणजे निदान नाही. हिमोग्लोबिनचे आकडे, दिलेलं रक्त आणि तारखा मांडून क्वेरी टाकायची, आणि ‘शस्त्रक्रियेत अपेक्षित घट, वेगळं निदान नाही’ हा पर्यायही द्यायचा. हॉस्पिटलला किती पैसे मिळणार हे अशा जोड-निदानांनी बदलतं, म्हणून तिथेच सगळ्यात काटेकोर राहायचं.

शस्त्रक्रियेनंतर

फ्यूजननंतर ९० दिवस सर्जनच्या नेहमीच्या भेटींचे वेगळे पैसे नसतात. तिथे ९९०२४ नोंदवायचा. हाड जुळेपर्यंतच्या भेटींना स्कोलिओसिस शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीचा स्वतंत्र कोड आहे, झेड४७.८२. बरेचजण सवयीने सर्वसाधारण देखभालीचा कोड लावतात. रॉड तुटला तर टी८४.२१६ए, तो जागचा सरकला तर टी८४.२२६ए. देखभाल संपून मूल वर्षाला एकदा दाखवायला येऊ लागलं की झेड९८.१ येतो, म्हणजे कणा जोडलेला आहे ही स्थिती.

याच टप्प्यावर जुन्या नोटमधला मजकूर नव्या नोटमध्ये जसाच्या तसा उतरलेला सापडतो. फ्यूजनला दीड वर्ष झालं तरी ‘बाक ५२ अंश, ब्रेस १८ तास’ ही ओळ तशीच पुढे आलेली असते. त्या ओळीवरून कोड लावला तर जोडलेल्या कण्याला ब्रेस लागतो आहे, असा क्लेम जाईल. अशी ओळ दिसली की मी भेटीची तारीख, ऑपरेशनची तारीख आणि शेवटचा एक्स-रे शेजारी लिहिते आणि डॉक्टरांना नोट दुरुस्त करायला सांगते. दुरुस्ती येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवते.